दोन रात्री शहर, मधला दिवस डोंगर

काल सकाळी घरातले दोन्ही एसी बंद केले आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडली. शारजात अल नहदाच्या उंच बिल्डिंगांमध्ये राहणाऱ्यांच्या आयुष्यात हा दिवस वर्षातून एकदाच येतो आणि तो कुठल्याही कॅलेंडरात छापलेला नसतो. आठ महिने कानाशी चाललेली घरघर थांबली की आधी घर गप्प होतं, आणि मग बिल्डिंग बोलायला लागते. वरच्या मजल्यावरचा मिक्सर, समोरच्या टॉवरमधलं बाळ, खाली पार्किंगवरून चाललेली हिंदी-अरबी हुज्जत. ज्यांची ओळख लिफ्टपुरती, त्यांच्या फोडण्या थेट घरात येतात. शेजारच्या मल्याळी घरातलं खोबरेल, खालच्या लाहोरी बाईंचा खरपूस होत आलेला कांदा. नळालाही ऋतू कळतो. उन्हाळ्यात इथे गार पाण्याच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं, म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो आणि त्याच्या टाकीतलं पाणी गार म्हणून वापरतो. काल ते बटण मी पुन्हा चालू केलं. माझ्यापुरता इथला हिवाळा त्या बटणाने सुरू होतो.

आणि हिवाळा सुरू झाला की आमच्या घरात बेत सुरू होतो. दोन रात्री शहर, मधला दिवस डोंगर. शहर म्हणजे रास अल खैमा, आमच्यापासून गाडीने तासाभरावर. डोंगर म्हणजे जबल जैस, या देशातला सगळ्यात उंच. वर्षानुवर्षं हाच बेत, संक्रांतीनंतरच्या सुट्टीला जोडून. ओळखीच्यांची धाव बाकू आणि तिबिलिसीपर्यंत गेली, त्यांचे बर्फातले फोटो आले, आणि आम्ही आपले रास अल खैमाला. लोक हसतात. हसू देत बापडे.

तर काल संध्याकाळी पुण्याहून वन्संचा फोन आला. मी स्पीकर लावून पोळ्या लाटत होते. बोलता बोलता मी बेताचं सांगितलं आणि त्या एकदम म्हणाल्या, "अगं, परत त्या डोंगरावर? आता त्याला काय दिसणार आहे तिथे?"

सुधीर तिथेच टेबलाशी बसून मटार सोलत होता. त्याचे हात थांबले नाहीत. पण सोललेलीच एक शेंग त्याने पुन्हा हातात घेतली, आत बोट फिरवलं आणि ठेवून दिली. मी म्हटलं, "वन्सं, कुकर होत आलाय, नंतर करते," आणि फोन बंद केला. कुकर लावलेलाच नव्हता. राग इतका आला होता की पुढची पोळी मी चौकोनी लाटली.

सुधीर माझा नवरा. बोलताना मी त्याला 'अहो' म्हणते आणि लिहिताना सुधीर. एवढी मोकळीक लेखणी देते. त्याला काचबिंदू आहे. हा आजार गुपचूप येतो आणि बाजूबाजूने खात आत येतो. आधी कडेचं दिसेनासं होतं, मग नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं उरतं. आता सुधीरला उजेड कुठून येतोय ते कळतं, कुणी समोर उभं राहिलं तर सावली कळते. बस्स. वन्सं वाईट नाहीत. त्यांनी या भावाला कडेवर घेऊन वाढवलंय आणि त्या फोन ठेवून रडल्या असणार, हेही मला माहीत आहे. तरी त्यांचा प्रश्न मला काल झोंबला आणि आज सकाळी, उघड्या खिडकीशी चहा घेताना, जास्तच झोंबतोय.

कारण हा प्रश्न मी आधी ऐकलेला आहे. वेगळ्या शब्दांत, वेगळ्या तोंडांतून, तीन हिवाळ्यांपूर्वी.

त्याच्याही आधीचे हिवाळे आधी सांगते. सुधीर एसीच्या कंपनीत सर्व्हिस मॅनेजर होता. सगळा देश ज्या महिन्यांत भाजतो, त्या महिन्यांत त्याचा फोन पेटलेला असायचा. कुठे व्हिला तापलाय, कुठे शाळा तापलीय, कुठे लग्नाच्या हॉलमध्ये नवरी घामाने भिजलीय. तो गाडीत जेवायचा, गाडीत डुलकी काढायचा. मुसफ्फापासून फुजैरापर्यंतचे रस्ते त्याला आमच्या घरातल्या कपाटांपेक्षा चांगले माहीत होते. हिवाळा आला की त्याचा धंदा मंदावायचा. "या थंडीने माझ्या पोटावर पाय दिलाय," असं तो दरवर्षी म्हणायचा आणि दरवर्षी खूश असायचा, कारण जानेवारीत त्याला सुट्टी मिळायची.

डिसेंबरात कुणीतरी पुण्याहून नव्या वर्षाचं मराठी कॅलेंडर आणायचं. ते भिंतीवर लागलं की जुन्याचं शेवटचं पान सुधीर फाडून घ्यायचा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बेत मांडायचा. लाल पेनने. शुक्रवारी दुपारी निघणं, पेट्रोल, समुद्रकाठच्या कोर्निशवर फेरी, मासळीबाजार. मधल्या दिवसाला जाड रेघ, आणि तिथे वळणावळणाचा रस्ता काढायचा, डोंगराच्या पायथ्यापासून टोकापर्यंत. प्रत्येक मोठ्या वळणाला आकडा. छोटी वळणं त्याच्या लेखी वळणंच नव्हती. मोठी एकोणीस, हे त्याचं गणित. सरकारी मोजणी काय असेल ती असो.

त्या चित्रात मी कुठे होते? मागच्या सीटवर. आमची ईरा दहा वर्षांची झाली तशी पुढची सीट तिची झाली, कारण तिला गाडी लागायची. मी मागे, डब्यांजवळ. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, तिळाच्या वड्या, पाण्याची बाटली, ओला रुमाल, उलटीची पिशवी. मला पुढच्या दोन सीटांच्या फटीतून डोंगर दिसायचा. ईरा मोठी झाली, नोकरीला लागली, दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला मैत्रिणींबरोबर राहायला गेली आणि आमच्याबरोबर यायची बंद झाली. तरी मी मागेच बसायचे. डबे हाताशी बरे पडतात, असं म्हणायचे. दोन माणसांच्या गाडीत एक पुढे आणि एक मागे, भाड्याच्या टॅक्सीतल्यासारखं. हे विचित्र आहे हे आम्हा दोघांपैकी एकालाही कधी सुचलं नाही.

मग तो उन्हाळा आला. पार्किंगच्या खांबाला आरसा घासला, पुन्हा घासला, आणि तिसऱ्यांदा एक सायकलवाला थोडक्यात वाचला. सुधीरने ब्रेक मारला तेव्हा सायकलवाला गाडीपुढून निघूनही गेला होता. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सरळ सांगितलं, गाडी बंद. त्या दिवशी टॅक्सीने घरी आल्यावर सुधीरने किल्ली दारामागच्या हुकला अडकवली. नंतर त्याने त्या हुकला सदरासुद्धा अडकवला नाही. पुढे नोकरीही गेली. रस्त्यावरच्या माणसाला ऑफिसात खुर्ची देतो म्हणाले आणि तीही दिली नाही. मी इथल्या एका शाळेत गणित शिकवते. माझ्या व्हिसावर नवऱ्याचा व्हिसा घेतला तेव्हा टायपिंग सेंटरमधला माणूस दोनदा म्हणाला, "मॅडम, उल्टा तो नहीं लिखा?" मी म्हटलं, "उल्टा ही है. यल्ला, टाइप करो."

नोव्हेंबरात खिडकी उघडली, गीझर लावला. कॅलेंडरही त्या वर्षी लवकर आलं. सुधीरने जुन्याचं पान फाडलं नाही. मी वाट पाहिली. एका सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "गाडी विकून टाकू या."

"आणि जबल जैस?"

"खलास," तो म्हणाला. इतक्या साध्या आवाजात म्हणाला, की दूध संपलंय म्हणावं.

मी भांडकुदळ बाई नाही. म्हणजे माझ्या मते नाही. पण त्या 'खलास'ने माझं डोकं फिरलं. या देशात सगळं एक दिवस संपणारच आहे हे आम्ही पहिल्या दिवसापासून जाणून आहोत. व्हिसा संपणार, नोकरी संपणार, सामान बांधून जायचंय, म्हणून चांगलं कपाटसुद्धा घेत नाही माणूस. तीस वर्षं आम्ही सगळं तात्पुरतं म्हणून वागवलं. एक तो डोंगर तेवढा आम्ही आमचा मानला होता. आणि माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांबरोबर तोही काढून घ्यायचा? का म्हणून? त्याच आठवड्यात मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वय वर्षं एक्कावन्न.

ईराचा फोन आला. "आई, आर यू सीरियस? दॅट रोड इज नो जोक."

"मी कुठे हसतेय?"

"टेक अ टॅक्सी ना. ऑर जस्ट लेट बाबा रेस्ट."

बाबा रेस्ट! पोरीला वाटत होतं बाबा दमलाय. तो दमला नव्हता, तो घरातल्या घरात निघून चालला होता. दिवसभर सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात बसायचा, आणि टीव्ही लावायचा तो आवाज बंद ठेवून. मराठी मंडळातल्या एका हितचिंतक बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं, या वयात कशाला धोका, आता देवाचं करा, आणि डोंगर काय, तिकडे सह्याद्रीत ढीगभर आहेत. मी त्यांना म्हटलं, देवाचं करतेच आहे, शीबा मॅडम नावाची देवी आहे, रोज सहा वाजता दर्शन देते.

शीबा मॅडम माझी इन्स्ट्रक्टर. कोट्टयमची, बुटकी, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि आवाज असा की शेजारच्या लेनमधली गाडीसुद्धा हळू व्हावी. "मिरर नहीं मॅडम, गर्दन! गर्दन घुमाओ! मिरर झूठ बोलता है!" लेन बदलताना आरशात पाहून भागत नाही, मान मागे वळवून खांद्यावरून पाहावं लागतं. माझी मान वळेना. आयुष्यभर मागच्या सीटवर बसून समोर पाहिलेलं, तेही फटीतून. पहिल्या टेस्टला मानेवरून नापास. दुसऱ्यालाही मानेवरून नापास. तिसऱ्या वेळी मान वळवली आणि त्या नादात सिग्नलला थांबले नाही. परीक्षा घेणारी अरबी पोलीस बाई शांतपणे म्हणाली, "हबीबती, रेड इज रेड." मी वर्गात मुलांना गणितात नापास करते तेव्हा त्यांच्या पोटात काय होतं, हे मला पहिल्यांदा कळलं. त्या सत्रात मी पेपर जरा हलक्या हाताने तपासले.

घरी आले की आरशासमोर उभी राहून मान वळवायचा सराव करायचे. एकदा सुधीरने विचारलं, "काय चाललंय?" मी सांगितलं. तो सोफ्यावरून उठला, स्वयंपाकघराच्या दाराकडे आला, आणि चौकटीशी थांबून आधी डावीकडे मान वळवली, मग उजवीकडे, मग आत आला. त्याचा खांदा दिवसातून दहादा त्या चौकटीला आपटायचा, कारण कडेचं दिसत नव्हतं. त्या दिवशी आपटला नाही. "शोल्डर चेक," तो म्हणाला. मी हसले आणि मग मोरीत जाऊन थोडी रडले. त्या हिवाळ्यात आमच्या घरात दोन माणसं मान वळवायला शिकत होती, एक रस्त्यासाठी आणि एक दारासाठी.

चौथ्या टेस्टला पोलीस बाईने गाडी बाजूला घ्यायला लावली, कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाली, "खलास. पास." हाच शब्द सुधीरने चहाच्या टेबलावर वापरला होता. मी शीबा मॅडमला मिठी मारली. तिचा इस्त्रीचा शर्ट चुरगळला आणि ती ओरडली नाही.

दोन दिवसांवर संक्रांत होती. मी स्वतःच जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि लाल पेन सुधीरच्या हातात दिलं. "मला रस्ता माहीत नाही," मी म्हटलं. "मी मागे बसत होते. काढून द्या." तोवर त्याला मधलंही धुरकट दिसायला लागलं होतं. त्याने कागद नाकाशी धरला, तिरका केला, आणि पाऊण तास खर्चून एकोणीस वळणं काढली. रेघ कागदाबाहेर टेबलावर गेली. तो डाग अजून आहे. पुसू दिला नाही मी कुणाला.

आता हेही कबूल करते की रास अल खैमापर्यंतचा रस्ता मी घामाघूम होऊन काढला. बाहेर सुखाचा गारवा आणि मी घामाघूम. ट्रक शेजारून गेला की मी आपोआप ॲक्सिलेटर सोडायचे. सुधीर शेजारी पुढच्या सीटवर, डबे त्याच्या मांडीवर. त्याचा उजवा पाय अधूनमधून नसलेला ब्रेक दाबत होता. शहरात पोहोचलो, कोर्निशवर फिरलो. तो माझ्या कोपराला धरून चालला. पूर्वी आम्ही असे हातात हात घालून कधी चाललो नव्हतो, लाज वाटायची. मासळीबाजारात त्याने वासावरून आणि बोटाने दाबून ताजी सुरमई निवडली आणि विकणाऱ्याशी मल्याळीत घासाघीस केली.

दुसऱ्या दिवशी डोंगर.

सुधीरची एक जुनी रीत होती. वर चढायला लागण्याआधी, दरीतून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक चहाची टपरी लागायची. इथे टपरीपुढे गाडी उभी करून हॉर्न वाजवला की चहावाला गाडीपाशी येतो, दाट दुधाचा वेलदोड्याचा चहा कागदी पेल्यात आणून देतो. तो चहा झाला की सुधीर पेला चुरगळून गाडीच्या दाराच्या खणात ठेवायचा आणि म्हणायचा, "चला, एक." म्हणजे पुढचं वळण पहिलं. त्याची सगळी मोजणी त्या चहापासून सुरू व्हायची. त्या दिवशीही टपरी दिसली, मी हॉर्न वाजवला, चहा घेतला, चहावाल्याला तिळाची वडी दिली. सुधीरने पेला चुरगळला. "चला. एक. डावं, सोपं आहे."

समोर उजवं होतं.

मी गाडी उजवीकडे घेतली. पण माणसाला वळण फक्त डोळ्यांनी कळत नाही. अंग एका बाजूला झुकतं, डबे सरकतात. सुधीरने सरकलेले डबे सावरले. मग म्हणाला, "दोन. उजवं." ते डावं होतं. तिसऱ्याला त्याने काही म्हटलंच नाही. डॅशबोर्डवर ठेवलेला हात त्याने उचलून मांडीवर घेतला.

"म्हणजे हेही गेलं," तो म्हणाला.

त्याचे डोळे गेले तेव्हा मी धीर धरला होता. नोकरी गेली तेव्हाही. पण ते 'हेही गेलं' मला सहन झालं नाही. त्या रस्त्याखेरीज त्याच्याकडे काय उरलं होतं? तीस वर्षांचे रस्ते डोक्यात, त्यांतला सगळ्यात लाडका हा, आणि आता तोही हातातून निसटला असं त्याला वाटत होतं. परत फिरलो असतो तर तो आयुष्यभर पुन्हा एकही वळण मोजणार नव्हता, हे मला स्पष्ट कळत होतं. मी गाडी रुंद कडेला थांबवली.

"तुमची टपरी रस्त्याच्या कुठल्या बाजूला होती?" मी विचारलं.

"जाताना उजव्या. बाभळीखाली. सिमेंटचा ठोकळा होता, त्यावर पाय ठेवून मी बुटाची नाडी बांधायचो."

"मघाशी बाभूळ नव्हती. ठोकळाही नव्हता."

"मला काय माहीत काय होतं."

"मला माहीत आहे. मी बघितलंय. आज पहिल्यांदा पुढे बसून बघितलंय."

आणि मी गाडी वळवली. त्या अरुंद घाटात, नव्या लायसनवर, तीन वेळा मागेपुढे करत, मागच्या लॅंडक्रूझरवाल्याचा हॉर्न खात. मान दोन्ही बाजूंना पुरती वळवून. "काय करतेयस?" सुधीर विचारत होता. मी म्हटलं, "खाली चाललेय. पहिल्यापासून मोजू." चढलेला डोंगर मी उतरले. मघाच्या टपरीवरून गेलो, तिच्याही खाली एक मोठं वळण गेलं, आणि मग बाभूळ दिसली. खाली मोकळी जागा, तेलाचे जुने डाग. सुधीरला उतरवलं. तो पायाने चाचपत चार पावलं गेला आणि त्याचा बूट सिमेंटला लागला. त्याने त्या ठोकळ्यावर पाय ठेवला, वाकला आणि बांधलेलीच नाडी सोडून पुन्हा बांधली. चहावाल्याने टपरी एक वळण वर नेली होती, एवढंच घडलं होतं. आम्ही डोंगराऐवजी चहा धरून बसलो, ही आमची चूक.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "चला. एक. डावं."

डावं होतं. दोन उजवं. तीन, "हळू घे, आतून चढ आहे," आणि खरंच आतून चढ होता. तो सांगत गेला आणि मी घेत गेले. सहाला दरी माझ्या बाजूला आली तेव्हा मी स्टिअरिंगला चिकटले. त्याला ते दिसलं नाही, पण माझा श्वास ऐकू आला असावा. म्हणाला, "दुसरा गिअर. गाडीला दम दे, स्वतःलाही." नवाला शेळ्या. दहाला कानात दडे बसले. आणि चौदाला तो चुकला. तेरा म्हणाला आणि एकदम पंधरा म्हणाला.

"चौदा राहिलं," मी म्हटलं.

"छे. इथे वळणच नाही."

"आहे. आत्ताच घेतलं."

तो विचारात पडला आणि मग हसायला लागला, महिनोन्महिन्यांत पहिल्यांदा. चौदाव्या वळणाला मी दरवर्षी मागून त्याच्या हातात पुरी द्यायचे. चटणी लावून, गुंडाळी करून. तो एका हाताने वळण घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने पुरी. इतक्या वर्षांत त्याने ते वळण कधी पाहिलंच नव्हतं. डोळे धडधाकट असताना!

वर पोहोचलो तर असला वारा, की दार उघडेना. आमचे स्वेटर पुण्याला, वन्संच्या माळ्यावर, कारण आखातात कुठे स्वेटर लागतो. त्या एका दिवसासाठी दरवर्षी कुडकुडायचं हीही आमची रीत. मी दोन कुर्ते एकावर एक चढवलेले, सुधीरने हॉटेलचा टॉवेल मफलरसारखा गुंडाळलेला. कठड्याला धरून तो उभा राहिला. शेजारी अबू धाबीहून आलेलं एक मराठी कुटुंब होतं. त्यांतले गृहस्थ म्हणत होते, "काय डोंगर हा, एक झाड नाही. आपल्याकडे कसं हिरवंगार." मला पूर्वी हे पटायचं. त्या दिवशी नाही पटलं. हा डोंगर कुणाला दाखवायला काही नेसलेला नाही. हाडं आणि दगड, ऊन आणि वारा, आणि तरी उभा. मला तो फार आवडला.

सुधीरने चेहरा इकडेतिकडे फिरवला आणि बोट केलं. "समुद्र तिकडे."

"कशावरून?"

"दुपार झालीय. ऊन डाव्या गालावर आहे."

समुद्र तिकडेच होता. लांब, धुरकट, डोळे बारीक केले तरच दिसणारा. मला तो सापडायला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागला.

त्यानंतर दोन हिवाळे गेले, दोन्ही वेळा आम्ही गेलो. नळी बारीक होत होत बंद झाली. गेल्या वर्षीचा नकाशा मी काढला, सुधीरने सांगितला. गाडी विकली नाही. हुकवरची किल्ली मी घेते आणि तीच परत अडकवते, आणि आता त्या हुकला त्याचा सदराही असतो.

आज सकाळचा हा चहा गार झाला. खिडकीतून लाहोरी बाईंचा कांदा पुन्हा येतोय. मी वन्संना फोन लावला. स्पीकरवर, मुद्दाम, सुधीर समोर असताना. त्यांनी उचलल्याबरोबर कालचंच सुरू केलं, की माझं ऐक, त्याला कशाला दगदग, त्याला काय दिसणार.

"वन्सं," मी म्हटलं, "दिसतं मलाच. पण रस्ता त्यांना येतो. त्यांना नेलं नाही तर मी वर जाणार कशी?"

मग त्या हळूच म्हणाल्या, "एवढा सगळा रस्ता पाठ आहे त्याला?"

टेबलापलीकडून सुधीर म्हणाला, "ताई, चौदावं वळण सोडून. तिथे ही मला पुरी द्यायची. आता मी हिला देतो."